बाळाच्या जन्मानंतर इस्लाममध्ये काय काय करतात? अजानपासून खतन्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बाळ आलं की पहिले आठ दिवस नुसती धांदल असते, आई थकलेली, बाबांची झोप नाही, आणि त्यात प्रत्येक नातेवाईक काहीतरी वेगळंच सांगतो, हे केलंच पाहिजे, ते राहिलं तर बाळाला त्रास होईल वगैरे. मला हे प्रश्न इतक्या वेळा विचारले गेलेत की शेवटी सगळे एका जागी लिहून काढले. यातल्या बहुतेक गोष्टींकडे बाळाचा हक्क म्हणून बघा, म्हणजे चांगलं नाव हा त्याचा हक्क, दूध हा हक्क, अकीका (बाळाच्या नावाने जनावर कापणं) हा हक्क. एकदा हक्क म्हटलं की किती पाहुणे बोलवायचे, लोक काय म्हणतील हे प्रश्न आपोआप मागे पडतात. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्राची जाणकार, नाही, वाचलेलं आणि विचारून घेतलेलं लिहितेय. मजहबांमध्ये (हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली या सुन्नी फिकहच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, चार परंपरा) जिथे फरक आहे तिथे तो सांगितलाय, तुमच्या घरी ज्या मजहबप्रमाणे चालतं तिथल्या आलिमांकडून पक्कं करून घ्या.

बाळाच्या कानात अजान कधी आणि कुणी द्यायची?

जन्मानंतर जमेल तितक्या लवकर, उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत (नमाज सुरू होताना म्हणतात ती छोटी हाक). आधार आहे तो हजरत अबू राफे यांच्या हदीसचा, हदीस म्हणजे रसूलुल्लाह (स.), म्हणजे प्रेषित मुहम्मद, यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. त्यांची मुलगी बीबी फातिमांना हसन झाले तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी बाळाच्या कानात अजान दिली असं त्यात आहे. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या हदीसच्या संग्रहांमध्ये येते. आता खरं ते सांगते, तिच्या सनदवर (कुणी कुणाकडून ऐकलं त्या साखळीवर) मुहद्दिसांचे, म्हणजे हदीसच्या जाणकारांचे, मतभेद आहेत, तिर्मिजींनी ती चांगली धरलीय पण नंतरच्या बऱ्याच जणांनी कमजोर म्हटलंय, आणि डाव्या कानातल्या इकामतची रिवायत (कथन) तर त्याहून कमजोर आहे. म्हणून याला फर्ज किंवा वाजिब, म्हणजे करायलाच हवं असं, म्हणत नाहीत, पण पिढ्यानपिढ्या मुसलमान हे करत आलेत आणि बहुतेक फकीहांनी (धर्मनियमांच्या जाणकारांनी) मुस्तहब, म्हणजे केलं तर चांगलं, म्हटलंय. १४ व्या शतकातले दमास्कसचे आलिम इब्न कय्यिम, ज्यांनी फक्त नवजात बाळांच्या प्रश्नांवर एक अख्खी किताब लिहिली, ते म्हणतात की माणसाच्या कानावर पहिले शब्द अल्लाहच्या मोठेपणाचे पडावेत हा यामागचा हेतू आहे.

वडिलांनी दिली तर छानच, नाहीतर आजोबा, काका, मामा, कुणीही जाणता मुसलमान. जवळ कुणीच पुरुष नसेल तर आईनेच हळू आवाजात म्हणावी असं काही आलिम सांगतात. आवाज एकदम हळू ठेवा, तो कान काही तासांचा आहे. आणि मोबाईलवरची रेकॉर्डिंग कानाला लावायची काही गरज नाही, तुमचा आवाज कसाही असू द्या, तुमचाच ऐकू दे त्याला.

बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय, अजान राहिली. आता?

काही बिघडत नाही. हातात मिळालं की द्या, दोन दिवसांनी किंवा दहा दिवसांनी सुद्धा. जीव वाचवणं आधी.

तहनीक म्हणजे काय? खजूरच लागतो का?

खजूर चावून एकदम मऊ करायचा आणि त्यातला अगदी थोडा अंश बोटाने बाळाच्या टाळूला आतून, म्हणजे तोंडातल्या वरच्या बाजूला लावायचा, आणि बरकतची दुआ करायची. याच्या हदीसा मात्र पक्क्या आहेत, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत. हजरत अबू मूसा अशअरी आपलं बाळ घेऊन आले तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्याचं नाव इब्राहीम ठेवलं, खजुराने तहनीक केली, दुआ दिली आणि बाळ परत हातात दिलं. दुसरा किस्सा मला फार आवडतो, हजरत अस्मा बिन्त अबू बक्र हिजरतच्या, म्हणजे मक्केहून मदिनेला स्थलांतराच्या, वेळी पूर्ण दिवसांच्या होत्या, तशाच मक्केहून निघाल्या, मदिनेजवळच्या कुबाला पोचल्यावर अब्दुल्लाह बिन जुबैर झाले. बाळ रसूलुल्लाह (स.) यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांनी खजूर मागवून चावला आणि बाळाच्या तोंडात लावला. मदिनेत आलेल्या मुहाजिरांच्या (स्थलांतर केलेल्यांच्या) घरातलं हे पहिलं बाळ, सगळ्यांना किती आनंद झाला असेल विचार करा.

खजूर नसेल तर दुसरं काही गोड चालतं असं फकीहांनी लिहिलंय, आणि जुन्या किताबांत मधाचं नाव येतं. पण इथे थांबा. १ वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर स्पष्ट सांगतात कारण त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, तेव्हा मध नकोच. खजुराचाही तुकडा तोंडात जाता कामा नये, फक्त बोटाला लागलेला ओलावा पुरे, हात स्वच्छ धुतलेले हवेत, आणि जो चावणार त्याला सर्दी-खोकला, तोंडाचे फोड असं काही असेल तर त्याने करू नये. बाळ कमी दिवसांचं असेल तर डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर नको. ही सुन्नत (रसूलुल्लाह (स.) यांची पद्धत) आहे, राहिली तर गुनाह (पाप) नाही. शिया घरांमध्ये खजुराबरोबर फुरात नदीचं पाणी आणि करबलाची माती, म्हणजे खाके शिफा, यांनी तहनीक करणं चांगलं मानतात.

नाव पहिल्या दिवशी ठेवायचं की सातव्या?

दोन्ही चालतं. सातव्या दिवसाचा उल्लेख अकीक्याच्या हदीसमध्ये आहे, आणि पहिल्या दिवसाचा दाखला खुद्द रसूलुल्लाह (स.) यांच्या घरातला, मुलगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की काल रात्री मला मुलगा झाला आणि मी त्याला माझे बाप इब्राहीम यांचं नाव दिलं. म्हणजे आधीच ठरलं असेल तर उगाच आठ दिवस "बाळ बाळ" करत थांबायची गरज नाही, आणि ठरत नसेल तर सातव्या दिवसापर्यंत निवांत विचार करा.

नाव कसं असावं? अरबीच लागतं का?

अर्थ चांगला हवा, एवढं महत्त्वाचं. अल्लाहला सगळ्यात प्रिय नावं अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान असं सहीह मुस्लिममध्ये आहे, नबींची (प्रेषितांची) आणि सहाबींची (रसूलुल्लाह (स.) यांच्या साथीदारांची) नावं लोक आवडीने ठेवतात, पण अरबी नसलेलं, चांगल्या अर्थाचं नाव ठेवायला मनाई नाही. मनाई आहे ती वाईट अर्थाच्या नावाला, आणि अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाचा बंदा (दास) असा अर्थ होईल अशा नावाला. रसूलुल्लाह (स.) स्वतः वाईट नावं बदलून द्यायचे. हजरत उमर यांच्या एका मुलीचं नाव आसिया होतं, म्हणजे अवज्ञा करणारी, ते बदलून जमीला केलं. (फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, बायकोचं नाव आसिया वेगळं हं, अरबीत स्पेलिंगच निराळं आहे, ते नाव बिनधास्त ठेवा. बऱ्याच जणी घाबरून विचारतात म्हणून मुद्दाम लिहिलं.) दुसऱ्या एका घरातल्या मुलीचं नाव बर्रा होतं, म्हणजे नेक, पुण्यवान. त्यात स्वतःचीच तारीफ होते म्हणून ते बदलून जैनब ठेवलं.

नाव फक्त ऐकायला छान वाटतं म्हणून इंटरनेटवरच्या लिस्टमधून उचलू नका, तिथे अर्थ सर्रास चुकीचे दिलेले असतात. अरबी येणाऱ्या माणसाला एकदा विचारा. हे नाव बाळ आयुष्यभर वागवणार आहे.

अब्दुर्रहमानला लाडाने नुसतं "रहमान" म्हटलं तर?

रहमान हे नाव फक्त अल्लाहचं, माणसासाठी अब्द लावूनच वापरायचं, म्हणजे रहमानचा बंदा. तसंच रज्जाक, खालिक यांचं. लाडाचं नाव हवं असेल तर दुसरं काहीतरी ठेवा, त्याला कुणाची ना नाही. रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत अनस यांच्या छोट्या भावाला अबू उमैर अशी हाक मारली होती, एवढासा पोरगा आणि नाव "उमैरचे अब्बा"! त्याचा खेळायचा एक छोटा पक्षी होता, तो मेला तेव्हा ते त्याला लाडाने विचारायचे, अबू उमैर, तुझ्या पाखराचं काय झालं रे?

अकीका म्हणजे नक्की काय आणि तो करायलाच हवा का?

बाळ झाल्याचा शुक्र म्हणून जनावर जबह करणं, म्हणजे कापणं, याला अकीका म्हणतात. असमई नावाचे अरबी भाषेचे जुने जाणकार सांगतात की अकीका म्हणजे मुळात बाळाच्या डोक्यावरचे जन्मतःचे केस, आपण ज्याला जावळ म्हणतो तेच, आणि ते काढायच्या दिवशी जबह करतात म्हणून जनावरालाही तेच नाव पडलं. हजरत समुरा यांच्या हदीसमध्ये येतं की प्रत्येक बाळ आपल्या अकीक्याच्या बदल्यात गहाण असतं, सातव्या दिवशी त्याच्या नावाने जबह करावं, डोकं उतरवावं आणि नाव ठेवावं. गहाण म्हणजे काय यावर आलिमांनी खूप लिहिलंय. त्यातलं एक मत असं की लहानपणी वारलेलं बाळ आईबापाची शिफारस करू शकतं पण त्यासाठी अकीका झालेला हवा, हे इमाम अहमद यांचं.

करायलाच हवा का, तर शाफई आणि हंबली याला सुन्नते मुअक्कदा म्हणतात, म्हणजे ऐपत असेल तर सोडू नये, मालिकींकडे मुस्तहब, हनफींमध्येही आज साधारणपणे मुस्तहब म्हणूनच सांगतात, आणि इब्न हज्म यांच्यासारख्या जाहिरींनी (शब्दशः अर्थ घेणाऱ्या परंपरेच्या आलिमांनी) मात्र वाजिब म्हटलंय. चारही मजहबांत बघितलं तर ऐपत नसलेल्यावर काहीच ओझं नाही.

अरबस्तानात इस्लामच्या आधीही जबह व्हायचं, पण तेव्हा लोक त्या जनावराचं रक्त बाळाच्या डोक्याला फासायचे. हजरत बुरैदा सांगतात की इस्लाम आल्यावर आम्ही डोकं उतरवून त्याला केशर लावायला लागलो. रक्ताच्या जागी केशर! एवढ्या एका बदलात मला अख्ख्या धर्माचा मिजाज दिसतो.

सातवा दिवस मोजायचा कसा? आमच्याकडे दरवेळी यावरून वाद होतो.

सोपी युक्ती, ज्या वारी जन्म झाला त्याच्या आदल्या वारी अकीका. गुरुवारी जन्म असेल तर पुढचा बुधवार. पण इस्लामी दिवस मगरिबला सुरू होतो हे विसरू नका, म्हणजे गुरुवारी सूर्य मावळल्यावर बाळ झालं तर तो शुक्रवार धरायचा आणि अकीका पुढच्या गुरुवारी. मालिकी मजहबमध्ये फजर (पहाटेची वेळ) उलटून गेल्यावर झालेल्या बाळाचा तो पहिला दिवस मोजत नाहीत, म्हणून त्यांचा एक दिवस पुढे जातो. सातवा चुकला तर १४ वा, तोही चुकला तर २१ वा असं हजरत आयशांच्या नावाने एक रिवायत आहे, आणि त्यानंतरही शाफई आणि बऱ्याच हनफी आलिमांच्या मते करता येतो. एवढं वादात पडू नका खरंच, एक दिवस इकडेतिकडे झाल्याने अकीका वाया जात नाही.

मुलासाठी २ आणि मुलीसाठी १ का? मुलगी कमी का?

हा प्रश्न विचारायला लोक कचरतात पण मनात असतो, म्हणून सविस्तर लिहिते. हजरत उम्मे कुर्ज आणि हजरत आयशा यांच्या रिवायतींमध्ये मुलासाठी २ बकऱ्या, मुलीसाठी १ असं आलंय आणि जास्तीत जास्त आलिम तेच घेतात. पण अबू दाऊदमध्ये हेही आहे की रसूलुल्लाह (स.) यांनी हसन आणि हुसैन यांच्यासाठी एकेक मेंढा जबह केला (नसाईच्या रिवायतमध्ये दोन दोन आहे), आणि त्यावरून इमाम मालिक मुलगा असो की मुलगी, एकच म्हणतात. म्हणजे मुलासाठी १ केला तरी अकीका होतोच. आकड्यावरून किंमत ठरत असती तर मुलींबद्दल ज्या हदीसा आल्यात त्या आल्याच नसत्या. ज्याने दोन मुलींना त्या मोठ्या होईपर्यंत सांभाळलं तो कयामतला (न्यायाच्या दिवशी) माझ्याबरोबर असा असेल, असं म्हणून रसूलुल्लाह (स.) यांनी दोन बोटं जवळ धरून दाखवली, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. आणि मुलगी झाल्याची बातमी ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो, जो लोकांपासून तोंड लपवत फिरतो, त्याची कुरआनने सूरह नहलमध्ये (१६:५८-५९) जी निंदा केलीय ती एकदा वाचाच. मुलगी झाल्यावर मुबारक म्हणताना ज्यांचा आवाज खाली जातो त्यांनी तर नक्की वाचा.

पैसे नाहीत, कर्ज काढून अकीका करू का?

नको. सुन्नत ऐपतवाल्यासाठी आहे. इमाम अहमद यांनी असं म्हटलंय की कुणी सुन्नत जिवंत ठेवायला उसनं घेतलं तर अल्लाह त्याला भरून देईल अशी मला आशा आहे, पण ते ज्याला फेडता येईल त्याच्यासाठी, व्याजाने पैसे काढून मंडप घालणाऱ्यासाठी नाही. अकीक्यात जबह ही सुन्नत आहे, हॉल, स्टेज, फोटोग्राफर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आत्ता हात तंग असेल तर थांबा, सोय झाली की करा.

जनावर कसं हवं, आणि मटण कुणी खायचं? आईने खाऊ नये म्हणतात ते खरं का?

जनावराच्या अटी कुर्बानीसारख्याच, पूर्ण वयाचं, धडधाकट, आंधळं लंगडं नको. मोठ्या जनावरात अकीक्याचा हिस्सा घेणं हनफी आणि शाफईंकडे चालतं, हंबली अकीक्यात हिस्सेदारी मानत नाहीत. मटण कच्चं वाटा, शिजवून खाऊ घाला, थोडं घरी ठेवा, शेजाऱ्यांना द्या, शेजारी मुसलमान नसतील आणि खात असतील तर त्यांनाही. फक्त कसायाची मजुरी मटणात किंवा कातड्यात देऊ नका, ती वेगळी द्या.

सुन्नी चारही मजहबांत आई, वडील, आजी, आजोबा सगळे खाऊ शकतात. बाळंतीण बाई, जिने नऊ महिने काढले, तिलाच ताट नाही असं दिसलं की मला फार वाईट वाटतं. शिया फिकहमध्ये मात्र आईवडिलांनी, त्यातही आईने, हे खाणं मकरूह मानलंय, म्हणजे टाळलेलं बरं, तेव्हा हा ऐकीव समज बहुतेक तिथूनच पसरला असावा. हाडं न मोडता सांध्यातून सोडवायची ही पद्धत शाफई आणि हंबली पसंत करतात, इमाम मालिक म्हणतात मोडली तरी हरकत नाही.

माझाच अकीका झाला नव्हता, आता मी ३० चा आहे. करू का?

जबाबदारी वडिलांची होती, तुमच्यावर काही बाकी नाही. काही ताबिईंनी (सहाबींच्या नंतरच्या पिढीतल्यांनी), उदाहरणार्थ हसन बसरी यांनी, मोठेपणी स्वतःचा करायला हरकत नाही असं म्हटलंय, तर मनात असेल तर करा.

जावळ कधी काढायचं आणि चांदीचा काय हिशोब आहे?

सातव्या दिवशी, अकीक्याबरोबर. केस जपून गोळा करायचे, वजन करायचं आणि तेवढ्या वजनाची चांदी किंवा तिची किंमत सदका (दान) करायची. तिर्मिजीमध्ये आहे की हसन यांच्या वेळी रसूलुल्लाह (स.) यांनी बीबी फातिमांना हे सांगितलं आणि केसांचं वजन एक दिरहम किंवा त्याहून थोडं कमी भरलं. दिरहम म्हणजे साधारण ३ ग्रॅम चांदी. इमाम मालिकांच्या मुवत्ता या हदीसच्या संग्रहामध्ये येतं की बीबी फातिमांनी हसन, हुसैन, जैनब आणि उम्मे कुलसूम, चौघांचे केस तोलून चांदी दिली, म्हणजे मुलींचे सुद्धा. त्यावरून मालिकी आणि शाफई मुलीचंही जावळ काढावं म्हणतात, हंबली मुलीचं काढत नाहीत. माझ्या मुलीच्या वेळी घरातला काटा एवढं कमी वजन दाखवतच नव्हता, शेवटी सोनाराकडे तोलून आणलं, तुम्हालाही तेच करावं लागेल बहुतेक.

डोकं अर्धवट उतरवायचं नाही, मध्ये शेंडी किंवा बाजूला झुलपं ठेवायची नाहीत, याला कजअ म्हणतात आणि त्याची मनाई बुखारी-मुस्लिममध्ये आहे. काढायचं तर पूर्ण, ठेवायचं तर पूर्ण. आणि सात दिवसांच्या बाळाची टाळू भरलेली नसते, त्यामुळे हात बसलेला माणूस आणि नवीन कोरं ब्लेड हवं. डॉक्टर थांबा म्हणाले तर केसांच्या वजनाचा अंदाज धरून चांदी देऊन टाका, जावळ नंतर काढा.

खतना (सुंता) कुठल्या वयात करावी?

वय ठरलेलं नाही. खतना फितरतच्या (माणसाच्या मूळ स्वभावाला धरून असलेल्या) ५ गोष्टींमध्ये येते, बाकीच्या चार म्हणजे नखं कापणं, मिशा कातरणं, काखेतले आणि गुप्तांगावरचे केस काढणं. हजरत इब्राहीम यांनी ८० व्या वर्षी स्वतःची खतना केली असं बुखारीत आहे. शाफई आणि हंबली मुलांची खतना वाजिब मानतात, हनफी आणि मालिकी सुन्नत, पण अशी सुन्नत की जी मुसलमानाची ओळख आहे. शाफईंना सातवा दिवस पसंत, मालिकींना तो पसंत नाही, बालिग व्हायच्या (वयात यायच्या) आत व्हावी यावर साधारण सगळे येतात.

माझं मत विचाराल तर बाळ लहान असताना, तब्येत ठणठणीत असताना, भूल देऊन, सर्जनकडून करून घ्या. आधी तीन गोष्टी तपासून घ्या. बाळाला कावीळ असेल तर उतरू द्या. आईच्या बाजूला, म्हणजे मामा, मावसभाऊ यांच्यात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर तपासणी झाल्याशिवाय हातही लावू देऊ नका. आणि लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल (याला हायपोस्पेडियास म्हणतात) तर खतना थांबवा, कारण ते दुरुस्त करायला सर्जनला तीच कातडी लागते. जीवाला धोका असेल तर ज्यांच्याकडे वाजिब आहे तिथेही ते माफ होतं.

आणि मुलींची?

करू नका. कुरआनमध्ये याचा उल्लेख नाही, आणि जी हदीस लोक दाखवतात ती नोंदवणाऱ्या अबू दाऊद यांनी स्वतःच तिथे लिहिलंय की ही कमजोर आहे. जुन्या फिकहच्या किताबांत मतं वेगवेगळी सापडतात हे खरं, पण २००७ मध्ये इजिप्तमधल्या अल-अजहर या इस्लामी विद्येच्या केंद्राच्या इस्लामी संशोधन परिषदेने स्पष्ट सांगितलं की याला शरियतमध्ये आधार नाही आणि हे नुकसानकारक आहे, करू नये. जागतिक आरोग्य संघटना सुद्धा सांगते की फायदा शून्य, आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे बाळंतपणात गुंतागुंत असे त्रास मात्र होतात. मुलाची खतना आणि ही गोष्ट एका तागडीत घालूच नका.

चाळीस दिवस आई नापाक असते, तिने कशालाच हात लावायचा नाही, हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. बाळंतपणानंतर जो रक्तस्राव होतो त्याला निफास म्हणतात, तो चालू असेपर्यंत नमाज आणि रोजा नाही, नवराबायकोचा संबंध नाही, अशा मोजक्याच गोष्टी. ती स्वयंपाक करू शकते, सगळ्यांबरोबर जेवू शकते, जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) आणि दुआ करू शकते. तिचं शरीर, तिचा घाम, तिचा हात नापाक होत नाही. सुवेर-विटाळाच्या कल्पना यात मिसळू नका. ४० दिवस ही जास्तीत जास्त मुदत आहे (हनफी आणि हंबलीत, शाफई आणि मालिकीत ६०), कमीत कमी मुदत नाहीच, म्हणजे २० व्या दिवशी रक्त बंद झालं तर २० व्या दिवशीच गुस्ल (शुद्धीची आंघोळ) करून नमाज सुरू. खूप जणी उगाच चाळीसावा यायची वाट बघत नमाज सोडतात. सुटलेल्या नमाजा भरायच्या नाहीत, रोजे मात्र नंतर भरायचे.

तिला आराम द्या, खाऊपिऊ घाला, बाळ थोडा वेळ दुसऱ्याने घ्या. बीबी मरयम कळांनी व्याकूळ होऊन खजुराच्या झाडाखाली बसल्या तेव्हा अल्लाहकडून त्यांना पहिल्यांदा काय सांगितलं गेलं, दुःख करू नकोस, खाली झरा आहे, झाड हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी आणि डोळे थंड कर (सूरह मरयम, १९:२४-२६).

दूध किती दिवस पाजायचं? दूधभाऊ-दूधबहिणीचं नातं कसं होतं?

कुरआनमध्ये (२:२३३) पूर्ण २ वर्षं सांगितलीत, ज्यांना मुदत पुरी करायची आहे त्यांच्यासाठी, आणि दोघांनी आपसात विचार करून, राजीखुशीने आधी सोडवलं तरी गुनाह नाही असं त्याच आयतमध्ये (वचनात) आहे. "दोघांनी विचार करून" हे शब्द सासरच्या मंडळींनी जरूर लक्षात घ्यावेत. त्या काळात आईचा खर्च कुणी करायचा हेही तिथेच आहे, वडिलांनी. आईला दूध येत नसेल तर दुसरीचं किंवा डब्याचं दूध देण्यात काही कमीपणा नाही, खुद्द रसूलुल्लाह (स.) बीबी हलीमांचं दूध पिऊन वाढले.

पण दुसऱ्या बाईने पाजलं की नातं तयार होतं आणि ते हलकं नाही. ती बाळाची दूधआई, तिचा नवरा दूधबाप, तिची मुलं भावंडं, त्यांच्यात लग्न हराम (४:२३). हजरत हमजा आणि रसूलुल्लाह (स.) दोघांना सुवैबा नावाच्या बाईने दूध पाजलेलं होतं, म्हणून हमजांच्या मुलीचं स्थळ सुचवल्यावर त्यांनी सांगितलं की ती माझ्या दूधभावाची मुलगी आहे, चालणार नाही. शाफई आणि हंबलींकडे ५ वेळा पाजलं तर नातं लागतं, हनफी आणि मालिकींकडे एकदा पाजलं तरी. म्हणून बहीण किंवा जाऊ सहज मदतीला पाजते तेव्हा ते कुठेतरी लिहून ठेवा, वीस वर्षांनी लग्न ठरवताना कुणाच्या लक्षात राहत नाही. अनेक बायकांचं दूध एकत्र करणाऱ्या मिल्क बँकेला १९८५ मध्ये जेद्दाहच्या फिकह अकादमीने याच कारणाने नकार दिला, काही आलिम मात्र परवानगी देतात. बाळ अगदी नाजूक असेल आणि दुसरा उपाय नसेल तर आलिम आणि डॉक्टर दोघांशी बोला.

नजर लागू नये म्हणून काय करावं? तावीज बांधावा का?

नजर लागते हे हदीसमध्ये आहे, पण त्यावर काळा धागा, मणी, टिकली असलं काही सांगितलेलं नाही. तावीजात कुरआनची आयत असेल तर काही आलिम चालतं म्हणतात, काही तेही नको म्हणतात, आणि आकडे, अनोळखी खुणा असतील तर बहुतेक नाहीच म्हणतात. शिवाय गळ्यातला दोरा लहान बाळाला अडकून धोका होऊ शकतो, तेव्हा दुआच बरी. रसूलुल्लाह (स.) हसन-हुसैन यांच्यावर ही पढायचे, आणि सांगायचे की हजरत इब्राहीमही इस्माईल आणि इसहाक यांच्यावर हीच पढायचे: उईजुकुमा बिकलिमातिल्लाहित्ताम्मह, मिन कुल्लि शैतानिंव व हाम्मह, व मिन कुल्लि ऐनिल लाम्मह. म्हणजे, प्रत्येक शैतान, विषारी जीव आणि वाईट नजरेपासून मी तुम्हा दोघांना अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांच्या आश्रयात देतो. हे दोघांसाठी झालं, एकट्या मुलासाठी उईजुक आणि मुलीसाठी उईजुकि म्हणायचं.

दत्तक बाळाला आपलं नाव लावता येतं का?

सांभाळणं, प्रेम करणं, शिकवणं हे तर फार मोठं सवाब (पुण्य), फक्त त्याच्या खऱ्या वडिलांचं नाव पुसायचं नाही (३३:५). आधी लोक हजरत जैद यांना मुहम्मदचा मुलगा म्हणायचे, आयत आल्यावर पुन्हा जैद बिन हारिसा म्हणू लागले. वारसा आपोआप मिळत नाही पण वसीयत (मृत्युपत्र) करता येते, एक तृतीयांशापर्यंत. बाळ २ वर्षांच्या आत आलं आणि घरातल्या बाईने दूध पाजलं तर दूधाचं नातं होतं, मग पुढे पडद्याचा प्रश्नही सुटतो.

बाळ वारलं तर? किंवा पोटातच गेलं तर?

जिवंत जन्मलं, एक श्वास जरी घेतला, तरी त्याला नाव, गुस्ल, कफन, जनाजा (अंत्यविधीची नमाज) सगळं. मृत जन्मलं तर हनफींकडे आंघोळ घालून, कपड्यात गुंडाळून दफन करतात, जनाजा नाही, आणि हंबलींकडे चार महिने पूर्ण झाले असतील तर जनाजाही. नाव ठेवा, कयामतला त्याच नावाने भेटायचंय.

आणि रडू येत असेल तर रडा. सबर म्हणजे डोळे कोरडे ठेवणं असं कुणी सांगत असेल तर त्याला इब्राहीमचा किस्सा सांगा. रसूलुल्लाह (स.) यांचा हा मुलगा जेमतेम दीड वर्षाचा होऊन गेला. शेवटच्या घटका चालू असताना त्यांनी त्याला उचलून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, बघणाऱ्याने विचारलं, तुम्हीसुद्धा? तेव्हा म्हणाले की ही रहमत आहे, डोळे वाहतात, मन दुःखी आहे, पण आम्ही तेच बोलतो जे आमच्या रबला पसंत आहे. योगायोगाने त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं, लोक म्हणायला लागले इब्राहीम गेला म्हणून झालं, तर त्या दुःखातही त्यांनी सांगितलं की ग्रहण कुणाच्या जन्माने किंवा मरणाने लागत नाही.

नमाज कधीपासून शिकवायची?

७ व्या वर्षी सांगायला सुरुवात, १० व्या वर्षी सख्ती, आणि त्याच वयात भावंडांची अंथरुणं वेगळी, असं हदीसमध्ये आहे. म्हणजे मधली तीन वर्षं, दिवसाला पाच वेळा धरलं तर पाच हजारांवर वेळा, नुसतं प्रेमाने सांगायचं आहे. लोक दहावं वर्षच तेवढं लक्षात ठेवतात. हजरत अनस लहानपणापासून दहा वर्षं रसूलुल्लाह (स.) यांच्या घरी होते, ते सांगतात की मला एकदाही उफ म्हटलं नाही.

बाळाने कपड्यावर शू केली तर नमाज होते का?

शू नापाकच आहे, धुवावी लागते. फक्त आईच्या दुधावर असलेल्या मुलाची असेल तर शाफई आणि हंबलींकडे पाणी शिंपडलं तरी पुरतं, मुलीची धुवायची, आणि हनफींकडे दोन्ही धुवायच्या. बाळांच्या आयांनी नमाजचा एक कपडा वेगळा ठेवला की रोजची कटकट वाचते.

लहान मुलांना मशिदीत आणू नका म्हणतात, रडतात, पळतात. काय करू?

मशीद खराब होणार नाही एवढी काळजी घ्या, डायपर बदलून न्या, फारच रडायला लागलं तर बाहेर या. पण आणूच नका हे मला पटत नाही. रसूलुल्लाह (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन इमामत करायचे, म्हणजे नमाज पढवायचे, रुकूला जाताना खाली ठेवायचे आणि उठताना परत उचलून घ्यायचे. नमाज लांबवायचं मनात असायचं, तेवढ्यात मागून एखाद्या बाळाचं रडणं ऐकू आलं की लवकर आटपायचे, त्याच्या आईच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून. आणि एकदा सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) इतका लांबला की मागच्यांना वाटलं काही झालं की काय, नमाज झाल्यावर विचारलं तर म्हणाले, माझा नातू पाठीवर चढून बसला होता, त्याचं खेळून होईपर्यंत त्याला उतरवणं मला बरं वाटलं नाही.